बारक्या स्क्रीनवर वेबमेल: आधी उंची सोडवून घ्या

निपाणीतल्या झेरॉक्सच्या दुकानात, खानापूरच्या सेवा केंद्रात किंवा बेळगावच्या उद्यमबागेतल्या वर्कशॉपच्या ऑफिसात जो कॉम्प्युटर दिसतो, तो बहुतेकदा साडेअठरा इंची मॉनिटरचा, १३६६×७६८ पिक्सेलचा (म्हणजे स्क्रीनवरच्या ठिपक्यांचा) असतो. घरात मुलांसाठी घेतलेला सेकंडहँड लॅपटॉपही त्याच मापाचा. कुणाकडं अजून दहा इंची नेटबुक चालू असतं, त्याची स्क्रीन १०२४×६००. यावर वेबमेल, म्हणजे ब्राउझरमध्ये उघडणारा मेल, उघडला की तक्रारी ठरलेल्या: सेंडचं बटण सापडत नाही, मेल उजवीकडं कापला जातो, इनबॉक्समध्ये सात-आठ ओळींपलीकडं काही दिसत नाही, साइन आउट कुठं गेलं कळत नाही.

यातल्या बहुतेक तक्रारींवर लोक एकच औषध करतात, ते म्हणजे झूम कमी करणं. अक्षरं मुंगीएवढी होतात, डोळे दुखतात आणि मूळ अडचण तशीच राहते. कारण अशा स्क्रीनवर टंचाई रुंदीची कमी आणि उंचीची जास्त असते. मोजून बघा. ७६८ पिक्सेल उंचीतून विंडोज १० ची खालची टास्कबार ४० पिक्सेल घेते (विंडोज ११ ची ४८). क्रोमच्या टॅबची पट्टी आणि पत्त्याची पट्टी मिळून सुमारे ८५ जातात. बुकमार्कची पट्टी चालू असेल तर आणखी तीसेक. उरले ६१० च्या आसपास. त्यात जीमेलची शोधाची पट्टी, तिच्याखाली बटणांची ओळ, तिच्याखाली 'प्रायमरी, प्रमोशन्स, सोशल' हे कप्पे. मेलच्या यादीला जेमतेम साडेचारशे पिक्सेल मिळतात. ६०० उंचीच्या नेटबुकवर हाच हिशेब केला तर पावणेतीनशेच्या आसपास येतो, म्हणजे सहा-सात ओळी. म्हणून आधी उंची मोकळी करायची, मग रुंदी, आणि झूमला हात सगळ्यात शेवटी.

रिझोल्यूशन, स्केल आणि झूम: तीन वेगळ्या गोष्टी

अर्धा गोंधळ या तिघांची सरमिसळ झाल्यानं होतो. रिझोल्यूशन म्हणजे मॉनिटर किती ठिपके दाखवतो ते. स्केल म्हणजे विंडोज त्या ठिपक्यांत अक्षरं आणि बटणं किती मोठी काढतं ते. झूम हा फक्त ब्राउझरचा आणि फक्त त्या साइटपुरता.

वेबमेलचं पान या तिघांचा एकत्रित परिणाम बघतं. मॉनिटर १३६६×७६८ आणि स्केल १२५ टक्के असेल तर पानाला वाटतं की स्क्रीन १०९३×६१४ चीच आहे. स्केल १५० टक्के केला तर ९११×५१२. म्हणजे 'आजोबांना दिसत नाही' म्हणून कुणी स्केल वाढवून ठेवला असेल, तर चांगल्या मॉनिटरवरही नेटबुकसारखीच कोंडी होते.

तपासायचा क्रम असा. मेलचं पान उघडं ठेवून कंट्रोल आणि शून्य दाबा. झूम १०० टक्क्यांवर येतो. ब्राउझर प्रत्येक साइटचा झूम वेगळा लक्षात ठेवतो, त्यामुळं महिन्यापूर्वी कुणीतरी १५० केलेला आजही तिथंच असतो, आणि दुसऱ्या साइट नीट दिसत असल्यानं कुणाला शंका येत नाही. मग डेस्कटॉपवर उजवं क्लिक करून 'डिस्प्ले सेटिंग्ज' उघडा. स्केल १०० टक्के आहे का बघा. त्याखाली रिझोल्यूशनच्या यादीत ज्याच्यापुढं 'रेकमेंडेड' लिहिलंय तेच निवडा. बदल केल्यावर विंडोज 'ठेवू का?' असं विचारतं. १५ सेकंदांत उत्तर दिलं नाही तर आपोआप जुन्यावर जातं. स्क्रीन काळी पडली तर घाबरून बटणं दाबत बसू नका, तेवढा वेळ थांबा.

अक्षरं मोठी दिसावीत म्हणून रिझोल्यूशन कमी करणं ही सगळ्यात वाईट युक्ती. एलसीडी मॉनिटरचे ठिपके ठरलेले असतात. १३६६ च्या पॅनेलला १०२४ चं चित्र दिलं की एक ठिपका सव्वा-दीड ठिपक्यांवर पसरतो आणि सगळं धूसर होतं. मराठीतली जोडाक्षरं आणि कन्नडमधले खाली लटकणारे ओत्तु (जोडाक्षरातलं दुसरं अक्षर) तर ओळखूच येत नाहीत. शिवाय चित्र आडवं ताणलं जातं ते वेगळंच. मोठी अक्षरं हवीत तर स्केल किंवा झूम वाढवा, रिझोल्यूशनला हात लावू नका.

कधी कधी यादीत १३६६×७६८ हा पर्यायच नसतो. ८००×६०० किंवा १०२४×७६८ एवढंच दिसतं. विंडोज नव्यानं टाकल्यावर असं झालं असेल तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला स्क्रीन नीट चालवू देणारा प्रोग्रॅम, बसलेला नाही. 'डिव्हाइस मॅनेजर' उघडून 'डिस्प्ले अडॅप्टर्स' खाली बघा. तिथं 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' असं नाव असेल तर हेच कारण. विंडोज अपडेट पूर्ण होऊ द्या, 'ऑप्शनल अपडेट्स' मध्येही डोकवा. नाही मिळाला तर लॅपटॉप किंवा मदरबोर्डच्या कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर घ्या.

ड्रायव्हर ठीक असूनही पर्याय दिसत नसेल तर केबल बघा. निळ्या तोंडाच्या व्हीजीए केबलला १५ पिना असतात. त्यातल्या १२ आणि १५ क्रमांकाच्या पिनांवरून मॉनिटर आपलं माप कॉम्प्युटरला कळवतो. त्या वाकल्या, तुटल्या किंवा स्वस्तातल्या लांब केबलमध्ये जोडलेल्याच नसल्या, तर चित्र व्यवस्थित येतं पण कॉम्प्युटरला मॉनिटरचं माप कळत नाही, मग तो आपला सुरक्षित म्हणून लहान आकडा धरतो. एका कॉम्प्युटरवर दोन मॉनिटर लावणाऱ्या वाय केबलनंही हे होतं. दुसरी केबल लावून बघा. दोन मिनिटांत निकाल लागतो.

उंची कुठून काढायची

सगळ्यात सोपं म्हणजे एफ११. पूर्ण स्क्रीन मिळते, टास्कबार आणि ब्राउझरच्या पट्ट्या जातात, जवळपास दीडशे पिक्सेल हातात येतात. लॅपटॉपवर बहुधा एफएन बरोबर दाबावं लागतं. पण दिवसभर एफ११ मध्ये काम होत नाही, कारण टॅबची पट्टी दिसत नाही आणि घड्याळही दिसत नाही. लांबलचक मेल वाचायला किंवा लिहायला तो ठीक.

कायमची सोय हवी असेल तर बुकमार्कची पट्टी आधी घालवा: कंट्रोल, शिफ्ट आणि बी. तीसेक पिक्सेल तिथंच मिळाले. मग टास्कबार. विंडोज १० मध्ये टास्कबारवर उजवं क्लिक करून 'टास्कबार सेटिंग्ज' मध्ये 'यूज स्मॉल टास्कबार बटन्स' चालू करा, ४० ची ३० होते. त्याहून चांगलं म्हणजे त्याच पानावर टास्कबारची जागा खालून डावीकडं करा. १३६६ रुंदीला साठेक पिक्सेलची कमतरता जाणवत नाही, उंचीला मात्र चाळीस पिक्सेल म्हणजे मेलची एक अख्खी ओळ. चार दिवस हात चुकीच्या जागी जातो, मग सवय होते. हे ज्यांना नको त्यांनी 'ऑटोमॅटिकली हाइड' चालू करावं. विंडोज ११ वाल्यांनाही तोच मार्ग.

क्रोममध्ये आणखी एक सोय आहे जी फारशी कुणी वापरत नाही. मेल उघडून वरच्या तीन ठिपक्यांत जा, 'कास्ट, सेव्ह अँड शेअर' मध्ये पान ॲपसारखं इन्स्टॉल करायचा पर्याय असतो. तसं केलं की मेल वेगळ्या खिडकीत उघडतो आणि टॅबची व पत्त्याची अशा दोन पट्ट्यांच्या जागी एकच बारीक पट्टी राहते. एफ११ चा बराचसा फायदा मिळतो, टास्कबार मात्र जागेवर. एज वापरणाऱ्यांनी टॅब डावीकडं उभे करून घ्यावेत. वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या चिन्हावर हा पर्याय आहे. नंतर सेटिंग्जमधल्या 'अपिअरन्स' मध्ये उभे टॅब असताना वरची पट्टी लपवायचं बटण चालू करा, नाहीतर उंची वाचत नाही, नुसती रुंदी खर्च होते.

आणि त्या पिवळ्या-निळ्या सूचना! 'नोटिफिकेशन चालू करा', 'डीफॉल्ट ब्राउझर करा' असली प्रत्येक पट्टी उंचीचा एकेक तुकडा खाते. फुली मारून टाका.

जीमेल

वर उजवीकडचं दातेरी चाक दाबलं की एक लहान फलक उघडतो. त्यात 'डेन्सिटी' मध्ये 'कॉम्पॅक्ट' घ्या. 'डीफॉल्ट' आणि 'कम्फर्टेबल' मध्ये बारक्या स्क्रीनच्या दृष्टीनं फार फरक नाही. 'डीफॉल्ट' मध्ये अटॅचमेंटची नावं प्रत्येक मेलखाली वेगळ्या ओळीत येतात आणि जागा खातात. त्याच फलकात 'रीडिंग पेन' (यादीशेजारीच मेल दाखवणारा भाग) असतं. तिथं 'नो स्प्लिट' ठेवा.

उजवीकडं मेल दिसणारा दुभाग मोठ्या स्क्रीनवर छान वाटतो. १०२४ रुंदीत त्याचा हिशेब असा: डावीकडच्या लेबलांच्या पट्टीला सुमारे २५० गेले, उजवीकडच्या कॅलेंडर-कीपच्या पट्टीला पन्नासेक, उरले सातशेच्या आसपास. त्याचे दोन भाग केले की मेलला साडेतीनशे. बँका, कंपन्या, कॉलेजं यांचे सजवलेले मेल ६०० पिक्सेल रुंदी धरून बनवायची जुनी पद्धत आहे. ते साडेतीनशेत मावणार कसे? मग खाली आडवी सरकपट्टी येते, आणि ती मेलच्या पार तळाशी असल्यानं कुणाला सापडत नाही. पुण्या-कोल्हापुराहून आलेल्या पर्चेस ऑर्डरमधला 'रेट' चा शेवटचा रकाना दिसला नाही, अशी जी रड असते तिचं मूळ बहुधा इथंच असतं.

रुंदी सोडवायला दोन पट्ट्या मिटवा. डावीकडं वर तीन आडव्या रेषा आहेत. त्या दाबल्या की लेबलांची पट्टी आखडून नुसती चिन्हं उरतात. उजवीकडची पट्टी मिटवायला तिच्या अगदी तळाशी लहान बाण आहे. चॅट आणि मीट वापरत नसाल तर 'सी ऑल सेटिंग्ज' मध्ये 'चॅट अँड मीट' टॅबवर दोन्ही बंद करा. 'इनबॉक्स' टॅबवर प्रमोशन्स, सोशल वगैरेंच्या खुणा काढल्या की कप्प्यांची ओळच नाहीशी होते. जाहिरातींचे मेल मुख्य यादीत येतील, ते चालणार असेल तरच हे करा. 'जनरल' मध्ये 'स्निपेट्स' बंद केले की विषयाच्या पुढं येणारा मजकुराचा तुकडा जातो आणि अरुंद स्क्रीनवर निदान विषय तरी पूर्ण वाचता येतो.

आता एक गोष्ट जिच्यापायी लोक 'सेटिंग राहतच नाही' म्हणतात. 'जनरल' टॅब प्रचंड लांब आहे आणि 'सेव्ह चेंजेस' चं बटण त्याच्या अगदी तळाशी. बारक्या स्क्रीनवर ते दहा-बारा वेळा चाक फिरवल्याशिवाय दिसत नाही. कीबोर्डवर 'एंड' दाबा, थेट खाली जाल. सेव्ह केलं नाही तर काहीच बदलत नाही. दातेरी चाकाच्या लहान फलकातले बदल मात्र लगेच लागू होतात. क्वचित पान पुन्हा लोड करू का असं विचारतं, हो म्हणा.

मेल लिहायची खिडकी उजव्या कोपऱ्यात तळाला चिकटून उघडते. तिच्या वरच्या पट्टीत तिरक्या बाणांचं चिन्ह आहे. ते दाबलं की ती मोठी होऊन मधे येते. कायम तशीच हवी तर त्याच खिडकीच्या तळाशी असलेल्या तीन ठिपक्यांत 'डीफॉल्ट टू फुल स्क्रीन' निवडा. अक्षरं ठळक-तिरकी करायची पट्टी नको असेल तर तळाच्या 'ए' चिन्हावर दाबा, ओळ मिटते. इतकं करूनही सेंड दिसत नसेल तर मजकुरात कर्सर असताना कंट्रोल आणि एंटर दाबा, मेल जातो. हा शॉर्टकट चुकूनही दाबला जातो, म्हणून 'जनरल' मध्ये 'अनडू सेंड' ची मुदत ५ वरून ३० सेकंद करून ठेवा.

मेल वाचताना वर उजवीकडं प्रिंटच्या चिन्हाशेजारी नव्या खिडकीत उघडायचं चिन्ह असतं. रुंद तक्त्याचा मेल तिथं उघडा. डाव्या-उजव्या पट्ट्या काहीच नसतात, पूर्ण १०२४ किंवा १३६६ तक्त्याला मिळतात. तरीही तक्ता बाहेर जात असेल तर शिफ्ट धरून उंदराचं चाक फिरवलं की पान आडवं सरकतं. फार लांब मेल जीमेल १०२ केबीनंतर कापतो आणि तळाशी पूर्ण मेल बघायचा दुवा देतो. तो स्क्रीनचा दोष नव्हे.

पूर्वी हळू नेट आणि जुन्या मशिनसाठी जीमेलचं साधं एचटीएमएल रूप होतं, बारक्या स्क्रीनवर ते अगदी सुटसुटीत दिसायचं. गूगलनं ते २०२४ मध्ये बंद केलं. जुन्या सल्ल्यांमध्ये त्याचा उल्लेख अजून सापडतो. त्यामागं वेळ घालवू नका.

आउटलुकच्या वेबमेलमध्ये हाच विचार लावायचा. सेटिंग्जमध्ये 'मेल', मग 'लेआउट', तिथं रीडिंग पेन लपवा. वरची बटणांची रुंद पट्टी तिच्या उजव्या टोकाच्या बाणावरून एका ओळीची करता येते.

कॉलेजचा किंवा स्वतःच्या नावाचा मेल

बऱ्याच कॉलेजांचे, सोसायट्यांचे आणि लहान कारखान्यांचे मेल त्यांच्या वेबसाइटच्या होस्टिंगवर असतात आणि ते 'राउंडक्यूब' नावाच्या वेबमेलमध्ये उघडतात. इथं रूप सर्व्हरवर कोणती 'स्किन' (मांडणीचा साचा) आहे त्यावर ठरतं. 'लॅरी' ही जुनी स्किन मोठ्या स्क्रीनसाठीच बनवलेली. अरुंद जागेत ती आखडत नाही, कडेला कापली जाते. २०१९ च्या १.४ आवृत्तीपासून 'इलास्टिक' आली, ती रुंदीप्रमाणं स्वतःला बदलते. 'सेटिंग्ज', 'प्रेफरन्सेस', 'यूजर इंटरफेस' या वाटेनं जा. स्किन निवडायची सोय दिसली तर इलास्टिक घ्या. दिसली नाही तर होस्टिंग सांभाळणाऱ्याला सांगावं लागेल, तुमच्या बाजूनं इलाज नाही.

त्याच 'प्रेफरन्सेस' मध्ये 'मेलबॉक्स व्ह्यू' खाली 'लेआउट' आहे. 'वाइडस्क्रीन' म्हणजे फोल्डर, यादी आणि मेल असे तीन उभे भाग. १०२४ वर तो निरुपयोगी. 'डेस्कटॉप' म्हणजे वर यादी, खाली मेल. ६०० उंचीवर दोन्ही अर्धवट. 'लिस्ट' म्हणजे नुसती यादी, मेलवर डबल क्लिक केल्यावर तो पूर्ण पानावर. बारक्या स्क्रीनला लिस्टच बरा.

इलास्टिकमध्ये एक उलटी युक्ती चालते. तिन्ही भाग एकमेकांत चेपले गेले असतील तर झूम कमी न करता वाढवा. रुंदी ७६८ च्या खाली गेली असं पानाला वाटलं की ते आपलं रूप बदलतं आणि एका वेळी एकच भाग दाखवतं, मागं जायला वर बाण येतो. १०२४ ची स्क्रीन १५० टक्के झूमवर पानाला ६८३ वाटते, म्हणजे काम झालं. अक्षरंही मोठी मिळतात. उंची मात्र फार घटते, म्हणून याला एफ११ ची जोड द्या. जीमेल डेस्कटॉपच्या ब्राउझरमध्ये असं रूप बदलत नाही, तिथं ही युक्ती लावू नका.

भाषा आणि अक्षरं

आपल्या भागात एकाच काउंटरवर कन्नड, मराठी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांचे मेल उघडतात. मेलची भाषा मशिनला नव्हे, खात्याला चिकटलेली असते. दुकानदारानं सोयीसाठी एखाद्याच्या खात्याची भाषा बदलली की त्याच्या घरच्या ब्राउझरमध्येही मेल तसाच दिसायला लागतो. कन्नड वाचता येत नसेल आणि सगळं कन्नडमध्ये झालं असेल, तर चिन्हांवर भरवसा ठेवा: दातेरी चाक, त्या फलकाचं सगळ्यात वरचं बटण, मग पहिल्या टॅबची पहिलीच ओळ. ती भाषेची. यादीत मराठी हे नाव मराठीतच लिहिलेलं असतं. मग 'एंड' आणि तळाच्या दोन बटणांपैकी पहिलं, तेच सेव्ह.

झूम किती खाली नेता येतो? इंग्रजी ८० टक्क्यांवर वाचता येतं. देवनागरीत वर वेलांटी, रफार, खाली उकार आणि कन्नडमध्ये ओळीखाली ओत्तु, एवढं सगळं तेवढ्याच उंचीत बसवायचं म्हटलं तर ९० च्या खाली उतरू नये. 'कर्ज' आणि 'कज' यातला फरक दिसला पाहिजे. अक्षरांच्या कडा तुटक दिसत असतील तर विंडोजच्या शोधपेटीत 'क्लिअरटाइप' टाकून त्यातले नमुने निवडा. कमी ठिपक्यांच्या स्क्रीनवर याचा फरक लगेच कळतो.

एक छुपा गुन्हेगार म्हणजे क्रोममधला 'मिनिमम फाँट साइज'. 'सेटिंग्ज', 'अपिअरन्स', 'कस्टमाइज फाँट्स' मध्ये तो असतो आणि २४ पर्यंत नेता येतो. कुणी तो १८-२० वर नेला की अक्षरं वाढतात पण त्यांच्या चौकटी वाढत नाहीत. बटणांवरची नावं एकमेकांवर चढतात, तारखा कापल्या जातात. झूम १०० असूनही मांडणी विस्कटली असेल तर हा आकडा बघा आणि शून्यावर आणा. फायरफॉक्समध्ये 'झूम टेक्स्ट ओन्ली' ची खूण असल्यावर नेमकं हेच होतं.

माप ठीक, तरीही पान विस्कटलेलं

जांबोटी, कणकुंबीकडं नेट अर्धवट चालतं तेव्हा पानाच्या सजावटीची फाइल येतच नाही आणि मेल नुसत्या निळ्या दुव्यांची यादी होऊन दिसतो. कंट्रोल, शिफ्ट आणि आर दाबून पान मुळापासून पुन्हा लोड करा. तरी तसंच असेल तर इनकॉग्निटो (क्रोमच्या खाजगी) खिडकीत उघडून बघा. तिथं एक्स्टेन्शन्स, म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेले लहान प्रोग्रॅम, सहसा बंद असतात. तिथं ठीक दिसलं तर दोष एखाद्या एक्स्टेन्शनचा. एकेक बंद करत शोधा. तिथंही बिघडलेलंच असेल तर ब्राउझर जुना असण्याची शक्यता मोठी. विंडोज ७ वर क्रोम १०९ च्या पुढं जात नाही, ती आवृत्ती २०२३ च्या जानेवारीतली. नव्या पद्धतीनं लिहिलेली मांडणी जुन्या ब्राउझरला कळत नाही आणि चिन्हं वाटेल तिथं जाऊन बसतात.

अशा मशिनवर वेबमेलशी झगडण्यापेक्षा थंडरबर्डसारखा मेलचा प्रोग्रॅम बरा, पण मशिन स्वतःचं असेल तरच. त्यात एफ८ दाबलं की मेल वाचायचा भाग मिटतो आणि पुन्हा दाबलं की परत येतो. खातं जोडताना आयमॅप निवडा, त्यात मेल सर्व्हरवरच राहतात. पॉप निवडलंत तर मेल सर्व्हरवरून उतरून त्याच एका मशिनमध्ये अडकू शकतात.

फोनवर

फोनच्या ब्राउझरमध्ये मेल उघडताना 'डेस्कटॉप साइट' वर खूण नको. बहुतेक स्वस्त अँड्रॉइड फोन पानाला स्वतःची रुंदी ३६० च्या आसपास सांगतात. खूण केली की पान ९८० धरून मांडलं जातं आणि मग आक्रसून ३६० मध्ये बसवलं जातं, म्हणजे अक्षरं जवळजवळ एक तृतीयांश. मोठं दिसेल म्हणून फोन आडवा धरणंही फसवं आहे: उंची ३६० उरते, त्यातली निम्म्याहून जास्त कीबोर्ड खातो आणि लिहिण्याची एखादीच ओळ दिसते. लिहिताना फोन उभाच ठेवा. बटण कीबोर्डखाली गेलं तर मागं जायचं बटण एकदाच दाबा. पहिल्यांदा कीबोर्ड मिटतो, दुसऱ्यांदा पान बंद होतं.

मॉनिटर घ्यायचाच असेल तर

सेकंडहँडच्या बाजारात १७ इंची चौकोनी मॉनिटर, १२८०×१०२४ चे, कुणी विचारत नाही म्हणून स्वस्त पडतात. मेल, फॉर्म, पहाणीचा उतारा असल्या कामाला ते साडेअठरा इंची रुंद मॉनिटरपेक्षा सरस: रुंदी ८६ पिक्सेल कमी, उंची २५६ जास्त. सिनेमा बघायला ते वाईट दिसतात, पण काउंटरवर सिनेमा कोण बघतो? घेताना केबलच्या पिना बघा, आणि पांढरं पान उघडून कडेनं पिवळेपणा आहे का तपासा.

साइन आउट

दुसऱ्याच्या मशिनवर ही सगळ्यात महागात पडणारी अडचण. साइन आउटचं बटण वर उजव्या कोपऱ्यात, आपल्या फोटोच्या किंवा नावाच्या आद्याक्षराच्या गोलाखाली असतं. झूम जास्त असला किंवा पान आडवं वाहत असलं की तो कोपराच स्क्रीनबाहेर जातो. मग लोक नुसता टॅब बंद करून उठतात आणि खातं उघडं राहतं.

म्हणून दुकानात मेल उघडायचा तर सुरुवातच इनकॉग्निटोनं करा, कंट्रोल, शिफ्ट आणि एन. काम झालं की इनकॉग्निटोच्या सगळ्या खिडक्या बंद करा, खातंही बंद होतं. एक जरी खिडकी मागं मिनिमाइझ राहिली तर होत नाही, टास्कबारवर नजर टाका. साध्या खिडकीत उघडलं असेल आणि कोपरा दिसत नसेल तर कंट्रोल आणि मायनस दोन-तीनदा दाबा, गोल दिसला की साइन आउट करा आणि कंट्रोल-शून्य करून मशिन पुढच्यासाठी होतं तसं ठेवा. विसरून घरी आलात तर फोनवर गूगल खात्याच्या 'सिक्युरिटी' मध्ये 'युअर डिव्हाइसेस' उघडा, त्या विंडोज मशिनच्या नावावर जा आणि तिथूनच साइन आउट करा. त्या मशिनवर पासवर्ड साठवून ठेवायला हो म्हटलं असेल तर पासवर्डही बदला.